खारा वारा आणि पन्नाशीच्या गाड्या

तारापूरचं अणुवीज केंद्र तुम्हाला भूगोलाच्या पुस्तकामुळे नक्की माहीत असेल. भारतातलं हे पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. त्याच वर्षी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट या मोटारी बाहेर पडत होत्या. त्यातली एखादी आज पालघर-बोईसरकडे कुणाच्या दारात धडधाकट उभी असेल, तर ती सरकारदरबारी चक्क 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येईल! म्हणजे गाडी तुमच्या आजोबांच्या पिढीची. आणि आजोबांसारखंच तिला पथ्यपाणी लागतं, वेळच्या वेळी तपासणी लागते, रोज नाही तरी आठवड्यातून एकदा फिरायलाही न्यावं लागतं.

अशा एक नाही, चार-पाच गाड्या हौसेनं सांभाळणारी माणसं असतात. लोक म्हणतात, "काय भंगार गोळा केलंय!" पण ही हौस म्हणजे नुसतं गाड्या पुसणं नव्हे. त्यात रसायनशास्त्र आहे, यंत्रशास्त्र आहे, इतिहास आहे आणि भरपूर घामही आहे.

जुनी म्हणजे किती जुनी?

जगभरातले शौकीन साधारणपणे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणतात. त्यानंतरच्या नावाजलेल्या गाड्या म्हणजे क्लासिक. आपल्या देशात केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोज कामावर जायला किंवा भाड्यानं द्यायला मात्र चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते.

आता गंमत बघा. ३५ वर्षांची गाडी असेल तर? ती नवी नाही आणि व्हिंटेजही नाही. १५ वर्षांनंतर तिची पुन्हा नोंदणी करायची, दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, वाढलेली फी भरायची. जुन्या गाड्या याच मधल्या काळात सगळ्यात जास्त भंगारात जातात, कारण तेव्हा त्यांना ना किंमत असते, ना मान.

कुर्ल्याची पद्मिनी

महाराष्ट्राची अशी खास गाडी कोणती, तर प्रीमियर पद्मिनी. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. इटलीच्या फियाट कंपनीच्या मोटारी ती कुर्ल्याला बनवू लागली. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली आणि १९७४ साली तीच 'पद्मिनी' झाली. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पुढची सीट सलग बाकासारखी. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, तेव्हा कुठे गाडी दारात यायची!

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. हजारोंच्या संख्येनं धावणारी गाडी बघता बघता दिसेनाशी झाली. आता तिला जगवायचं काम फक्त शौकिनांच्या हातात आहे.

खरा शत्रू कोण?

तुम्ही म्हणाल, खड्डे! पण केळवे, सातपाटी, चिंचणी, डहाणू या किनाऱ्याच्या पट्ट्यात खरा शत्रू आहे खारा वारा. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतात. पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया झपाट्यानं होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि पत्र्यावर फोड दिसतात. फोड दिसला की समजायचं, आतून पोखरायला केव्हाच सुरुवात झालीय!

म्हणून इथल्या गाडीवाल्याचे नियम ठरलेले असतात. समुद्रावर जाऊन आलं की गाडी गोड्या पाण्यानं धुवायची, आणि तीही खालून. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी ठेवायची. पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद गाडीला घट्ट गुंडाळायचा नाही, कारण आत दमट हवा कोंडते. वर छप्पर आणि चारी बाजूंनी खेळती हवा, हेच उत्तम.

रविवारची हजेरी

उभी गाडी बिघडत नाही, असं वाटतं ना? उलट उभी गाडीच जास्त बिघडते! बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, ब्रेक चिकटतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. म्हणून चार गाड्या असतील, तर दर रविवारी पाळी लावून एकीला बाहेर काढायचं.

आधी बॉनेट उघडायचं. रेडिएटरमधलं पाणी, इंजिनातलं तेल, ब्रेकचं तेल, बॅटरीचं पाणी आणि टायरमधली हवा बघायची. मग चोक ओढून स्टार्टर मारायचा. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. ते पंपानं पुन्हा भरेपर्यंत इंजिन कुरकुरतं. घाई करायची नाही!

तरीही सुरू झाली नाही तर? मग शोध सुरू. जुन्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, पुरेसा दाब आणि ऐन वेळी ठिणगी. ठिणगी येत नसेल, तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून 'पॉइंट' बघायचे. दोन बारीक धातूंच्या टोकांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. ते फिलर गेजनं मोजायचं, काजळी पुसायची. बहुतेक वेळा तेवढ्यावर गाडी जागी होते. इथे कॉम्प्युटर नाही. कान, नाक आणि बोटं हीच उपकरणं.

गाडी जागेवरच दहा मिनिटं घुरघुरवली की काम झालं, असंही नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर नीट तापले नाहीत, तर ते पाणी आतच राहून गंज आणतं. म्हणून १५-२० किलोमीटरचा फेरफटका हवाच.

सुटे भाग आणि बदललेलं पेट्रोल

पद्मिनीचं उत्पादन सन २००० च्या सुमारास थांबलं. मग भाग आणायचे कुठून? मुंबईच्या चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या बाजारात शोधाशोध करायची. नाहीच मिळालं, तर तुटका भाग नमुना म्हणून नेऊन लेथवर नवा कातून घ्यायचा. तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहण्याचा हा एक फायदाच!

पेट्रोलचं प्रकरण जरा अवघड आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. ते विषारी असल्यामुळे २००० साली देशभर बंद झालं, आणि ते बरंच झालं. पण शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक कमी झिजायची. म्हणून इंजिन खोलल्यावर तिथे कठीण धातूच्या सीट बसवून घेतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खराब करतं. नळी चिरली की पेट्रोल गळणार, आणि बाजूला तापलेलं इंजिन! म्हणून नळ्या नव्या प्रकारच्या घालायच्या आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं नाही.

हौस आणि जबाबदारी

बोईसरहून चिंचणीमार्गे डहाणूकडे काचा उतरवून निघालेली पद्मिनी… मजा येतेच! रस्त्यावर लोक हात करतात, पेट्रोलपंपावर कुणीतरी म्हणतंच, "आमच्याकडेही होती हो अशीच!" पण या गाडीत एअरबॅग नाही, ब्रेकही आजच्या गाडीइतके तेज नाहीत. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवूनच चालवावं लागतं. ती धूरही नव्या गाडीपेक्षा जास्त सोडते. म्हणून कार्बोरेटर नीट जुळवून घ्यायचा, पीयूसी वेळेवर काढायची आणि गाडी मोजकीच फिरवायची.

तुमच्या घरी किंवा शेजारी अशी गाडी असेल, तर तुम्हीही मदत करू शकता. एक वही घाला. कोणत्या तारखेला गाडी किती किलोमीटर चालली, तेल कधी बदललं, कुठला आवाज आला, सगळं लिहा. खोललेल्या भागांची चित्रं काढा, म्हणजे परत जोडताना चुकायचं नाही. मेकॅनिककाका काय करतात, ते विचारून टिपून ठेवा. कार्बोरेटर नुसत्या आवाजावरून जुळवणारे हात आता थोडे राहिलेत, आणि ती विद्या छापील पुस्तकात पूर्ण सापडत नाही.

मात्र तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

आता एक हिशोब करा. १९९५ साली नोंदवलेली पद्मिनी ५० वर्षांची कधी होईल? २०४५ साली. तेव्हा तुमचं वय किती असेल? तोवर ती भंगारात गेली नाही, तर तिच्या प्लेटवर 'व्हीए' लावायला घेऊन जाणारे तुम्हीच असाल. त्या दिवशी तुमची ती वही सोबत न्यायला विसरू नका!