रंगाआधी स्वभाव

मासळीची पारख गोमंतकीयाला कोणी शिकवावी लागत नाही. इसवणाचे कल्ले उचलून पाहावेत, बांगड्याच्या डोळ्यांतील चमक पाहावी, पोटावर बोट दाबून पाहावे आणि मगच भावाची गोष्ट काढावी, हे ज्ञान येथे पिढीजात आहे. मात्र तोच चोखंदळ गिऱ्हाईक घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसाठी जिवंत मासा घ्यावयास जातो, तेव्हा त्याची सारी पारख गळून पडते. काचेआड निळा, केशरी, जांभळा रंग झळकतो आणि पाकीट उघडले जाते. वास्तविक ताटातील माशाशी आपला संबंध एका जेवणापुरता. पेटीतील माशाशी तो काही वर्षांचा. चौकशी अधिक व्हावयास हवी ती या दुसऱ्या खरेदीत. ती होत नाही आणि तिचा भुर्दंड मुक्या जिवाला सोसावा लागतो.

‘रॅस’ या इंग्रजी नावाने शौकिनांच्या तोंडी रुळलेल्या मत्स्यकुळाच्या बाबतीत हे विशेषच खरे आहे. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत. उष्ण समुद्रांतील प्रवाळखडक हे त्यांतील बहुतेकांचे माहेर. मालवणच्या आणि मुरगावसमोरील ग्रांदे बेटाच्या खडकांतही या कुळाचे मासे वावरतात. एका टोकाला बोटाएवढे फ्लॅशर रॅस, तर दुसऱ्या टोकाला दोन मीटरपर्यंत वाढणारा नेपोलियन रॅस, ज्याच्या व्यापारावर २००४ सालापासून आंतरराष्ट्रीय ‘सायटिस’ कराराचे नियंत्रण आहे. एका कुळाचे म्हणून एका स्वभावाचे, असे येथे समजणे म्हणजे एका आडनावाची सारी माणसे सारखीच मानण्यासारखे आहे. आणि नेमकी हीच समजूत घेऊन लोक चार रंगांचे चार रॅस एका पेटीत सोडतात.

त्यांतील शांत मंडळी प्रथम पाहू. फेअरी रॅस आणि फ्लॅशर रॅस हे पाण्याच्या मधल्या थरात पोहणारे आणि वाहत येणारे सूक्ष्म प्लवक टिपणारे मासे. प्रवाळांना, कोळंबीला वा शेजाऱ्यांना त्यांचा सहसा उपद्रव नसतो. वेगवेगळ्या जातींचे फेअरी रॅस प्रशस्त पेटीत एकत्र नांदतात. एकाच जातीचे दोन नर मात्र नांदत नाहीत. त्यांचा मोठा दोष म्हणजे घाबरले की ते पाण्याबाहेर उडी घेतात. झाकणाला बोटभर फट राहिली तरी सकाळी मासा जमिनीवर वाळलेला सापडतो. पेटीवर बारीक जाळी ताणून बसवणे ही म्हणूनच त्यांच्या खरेदीची पहिली अट समजावी.

कॅनरी रॅस या नावाने विकला जाणारा पिवळाधमक मासा आणि त्याचे हॅलिकोएरिस वंशातील भाऊबंद हेही बव्हंशी समजूतदार. पण दिवस मावळला की ते वाळूत शिरून झोपतात आणि भय वाटले तरी वाळूचाच आश्रय घेतात. त्यांच्यासाठी तळाशी निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवी. उघड्या काचेच्या तळावर तोंड आपटून ते जखमी होतात. नवा मासा दोन-तीन दिवस वाळूतून वर आलाच नाही, तर मेला असे समजून पेटी उपसू नये. ठिपक्यांचा देखणा लेपर्ड रॅसही वाळूत झोपणारा, पण प्रकृतीने फार नाजूक. खडकांवरचे बारीक जीव दिवसभर वेचून खाणारा हा मासा कित्येक महिने स्थिरावलेल्या पेटीतच तगतो. दांडगट शेजारी मिळाला, तर तो उपाशी राहून झिजतो.

आता दांडगटांकडे वळू. सिक्सलाइन रॅस जेमतेम सात-आठ सेंटिमीटरांचा. जांभळट अंगावर सहा केशरी रेघा, किंमत माफक, प्रकृती काटक. नवशिक्याला तो हवासा वाटतो यात नवल नाही. पण एकदा पेटीत रुळला की सगळी पेटी तो आपली मानतो आणि मागाहून येणाऱ्या माशाचा, विशेषतः आपल्यासारख्या अंगलटीच्या माशाचा, कोपऱ्यात कोंडेपर्यंत पिच्छा पुरवतो. तो ठेवायचाच असेल तर सर्वांत शेवटी सोडावा, अथवा कुळातील एकटाच ठेवावा. कोरिस वंशातील मासे फसवतात ते वेगळ्या रीतीने. पांढऱ्या ठिपक्यांचे त्यांचे केशरी पिल्लू मोहक असते. पण त्यांतील एक जात पूर्ण वाढीत एक मीटरच्याही पुढे जाते. दगड उलथून खाली दडलेले खेकडे, शिंपले, कोळंबी फोडून खाणे हा त्यांचा जन्मधर्म होय. त्यात क्रौर्य काही नाही. चूक त्यांना दिवाणखान्यात आणणाऱ्याची.

एक मासा मात्र दुकानातच राहू द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो म्हणजे क्लीनर रॅस. समुद्रात हा चिमुकला जीव ठरावीक जागी आपले ठाणे मांडतो; मोठमोठे मासे तेथे येऊन तोंड उघडून उभे राहतात आणि हा त्यांच्या अंगावरचे परोपजीवी वेचून खातो. पेटीत हा मासा रोगराई दूर करील, या आशेने तो नेला जातो. पण दिवसाकाठी शेकडो गिऱ्हाइके असलेल्या या वैद्याला पेटीतील पाच-सहा मासे पुरत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्याची उपासमार होते.

याच माशाने शास्त्रज्ञांना आणखी एक गोष्ट दाखवली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर रॉबर्टसन यांनी केलेले आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते की, थव्यातील नर नाहीसा झाला म्हणजे सर्वांत वरचढ मादी काही तासांतच नराप्रमाणे वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर बनते. रॅस कुळातील अनेक जातींत मादीचा नर होतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, आज आणलेल्या दोन माद्या उद्याही मादीच राहतील याची शाश्वती नाही. एकाच जातीचे मासे हवेच असतील तर एक नर आणि त्याहून लहान माद्या अशी निवड करावी, आणि माद्या आधी किंवा नराबरोबर सोडाव्यात. सर्वच खरेदीत क्रम असा असावा: भित्रे आधी, धीट नंतर, दांडगट शेवटी. नवागताला काही दिवस पेटीतच सच्छिद्र डब्यात ठेवले, तर जुन्यांचा रागही निवळतो. या चपळ माशांना दिवसातून एकदा भरपूर घालण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडे थोडे खाणे द्यावे.

आपल्या किनाऱ्यावरील शौकिनांनी दोन गोष्टी अधिक ध्यानात ठेवाव्यात. समुद्र दाराशी आहे म्हणून पाणी फुकटचे, असे मानू नये. पावसाळ्यात मांडवी-जुवारीच्या मुखांशी नद्यांच्या पुराने खारटपणा झपाट्याने उतरतो. पेटीला मात्र लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार अखंड हवेत. त्याच दिवसांत वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातील प्राणवायू घटतो, तेव्हा बॅटरीवरचा हवापंप जवळ हवाच. दुसरी गोष्ट कायद्याची. २००१ सालापासून आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. पेटी सजवण्यासाठी मालवणच्या वा ग्रांदे बेटाच्या खडकातून प्रवाळाचा तुकडा काढून आणणे हा गुन्हा आहे.

हौसेच्या या विषयाला संपादकीय जागा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. गोड्या पाण्यातील गप्पीप्रमाणे हे मासे घरोघर पैदा होत नाहीत. बहुतेक रॅस आजही थेट प्रवाळखडकांतून पकडून आणले जातात. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवून पकडण्यासाठी खडकांत सायनाइड फवारले गेले, पुढे ही रीत इंडोनेशियातही पसरली, आणि त्या विषाने माशांबरोबर प्रवाळही मेले. घरच्या पेटीत एक मासा विजोड शेजारामुळे मेला की त्याच्या जागी दुसरा आणला जातो, आणि तो त्याच समुद्रातून उपसलेला असतो. डोळसपणे केलेली निवड ही म्हणूनच केवळ पेटीतील शांततेची बाब नव्हे. समुद्रावरचा भार तेवढा हलका करण्याची बाब आहे.

विक्रेत्यांनी प्रत्येक पेटीवर किमतीबरोबर आणखी तीन गोष्टी लिहिण्याचा प्रघात पाडावा: माशाची पूर्ण वाढ किती, तो कोणत्या समुद्रातून आला आणि कोणाशी त्याचे पटत नाही. आणि जोवर हा प्रघात पडत नाही, तोवर हे तीन प्रश्न गिऱ्हाइकाने तोंडाने विचारावेत. बांगडा घेताना जो कल्ला उचलून पाहतो, त्याला एवढे विचारण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिकाम्या हाताने परत यावे. त्या दिवशी पेटीत एक रंग कमी असेल, परंतु आधीचे रंग टिकून राहतील.