तुळईवरची ओळ

सोलापूरहून विजयपूरकडे निघाले की वाटेत मंद्रूप लागते. इथल्या बाजारात भाव मराठीत विचारला आणि उत्तर कन्नडमधून आले, तर कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही. घरात एक भाषा, शेतात दुसरी, आणि सोयरीक भीमेच्या पलीकडची, असा हा सारा दक्षिण सोलापूरचा मुलूख. याच भागात, हत्तरसंग कुडल येथे, नगरकडून आलेली सीना भीमेला मिळते. संगमाच्या काठावर चालुक्यांच्या काळातली दोन शिवमंदिरे उभी आहेत: संगमेश्वर आणि हरिहरेश्वर. लोक येतात ते बहुधा बहुमुखी शिवलिंग पाहायला. संगमेश्वराच्या मंडपातली तुळई मान वर करून पाहणारे मात्र कमी असतात, आणि मराठीच्या इतिहासातली फार मोलाची एक ओळ त्या तुळईवर कोरलेली आहे.

आधी त्या शिवलिंगाबद्दल, कारण त्याची कीर्ती खोटी नाही. १९९९ साली इथे माती उपसली गेली, तेव्हा ते हाती आले. पुरुषभर उंचीच्या त्या एकाच दगडावर रांगा करून ३५९ मुखे कोरलेली आहेत. खुद्द लिंगाचे एक धरले की ३६० होतात, असे तिथे सांगतात. दुरून सगळी मुखे सारखी दिसतात. वाकून जवळून पाहिले की कारागिराने नाक, ओठ, कान एवढ्याशा जागेत किती जपून उतरवले आहेत ते कळते. कुणी घडवले, कशासाठी घडवले, हे त्या दगडावर कुठे लिहिलेले नाही. म्हणून त्याच्याभोवती कथा जमतात.

तुळईचे तसे नाही. तिच्यावर साल आहे.

शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. त्या वेळी कल्याणी चालुक्यांच्या गादीवर दुसरा जयसिंह होता. त्या काळी या टापूत राजाचा, दानाचा लेख कोरायचा तर तो प्रामुख्याने कन्नडमध्ये असे. इथे मात्र नागरी अक्षरांत मराठी वाक्य आहे: ‘वाछि तो विजेया होइवा’. जो हे वाचील तो विजयी होवो. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे तिच्या आधी पावणेतीनशे वर्षांच्या आसपास हे वाक्य दगडावर उतरले. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी ते वाचून अभ्यासकांसमोर आणले.

वाचले, असे एका शब्दात सांगून मोकळे होता येते. पण दगडावरचा लेख वाचणे म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहायला हवे.

लेखावर बहुतेक वेळा आधी काहीतरी बसलेले असते. कुठे तेल-शेंदराचे थर, कुठे चुना, कुठे वटवाघळांची घाण, तर कुठे गेल्या यात्रेला काढलेला ऑइलपेंट. वाचण्यासाठी लेखाचा कागदावर ठसा घेतात, आणि ठसा घेणारा आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढतो, मग पाण्याने. तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरायचे नाही, कारण घाणीबरोबर अक्षराची कडाही जाते आणि ती पुन्हा येत नाही. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग कागद. तो दमदार आणि पाणी शोषणारा लागतो. तो भिजवून दगडावर अंथरतात आणि मधोमध सुरुवात करून कडांकडे हवा काढत जातात. एक बुडबुडा राहिला तर तेवढे अक्षर गेले. त्यानंतर ताठ केसांच्या ब्रशने कागद ठोकायचा. घासायचा नाही, ठोकायचा. हळूहळू कागद कोरीव खाचेत उतरतो आणि दगडाचे अंग त्यावर उमटू लागते. जिथे फाटेल तिथे ओल्या कागदाचा तुकडा वरून चिकटवून पुन्हा ठोकायचा. भिंतीवरच्या लेखाला हे जमते. तुळईवर मात्र शिडीवर उभे राहून, मान मागे टाकून, एका हाताने कागद धरत हे सारे करावे लागते. ओला कागद स्वतःच्या वजनाने खाली यायला पाहतो, खांदे भरून येतात आणि पाण्याचे ओघळ कोपरापर्यंत उतरतात.

सोलापुरी उन्हाची आणखी एक अडचण असते. उन्हाळ्यात कागद ठोकून होण्याआधीच कडेने सुटू लागतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही. म्हणून हिवाळ्याची सकाळ बरी, वारा नसेल तर उत्तमच.

कागद अर्धवट वाळला, की शाई. काजळीची, डिंक घातलेली. ती कापडाच्या घट्ट बोळ्याला लावायची, तो बोळा आधी एका पाटीवर टेकवून जास्तीची शाई काढायची आणि मग कागदावर हलके हलके ठोके द्यायचे. इथे हाताची परीक्षा होते. कागद ओला असेल तर शाई पसरते. ठोका जोरात पडला तर ती खाचेत शिरते आणि अक्षर बुजते. बेतात जमले तर उंच भाग काळा होतो आणि खोल गेलेले अक्षर पांढरे राहते. शाई कागदाच्या बाहेरच्या अंगाला लागते, त्यामुळे ठसा उलटा येत नाही. दगडावर हाताला लागणारी, पण नजरेला न सापडणारी रेघ कागदावर स्पष्ट उभी राहते. एवढे झाले की कागद पुरता वाळू द्यायचा, एका कोपऱ्यातून अलगद सोडवायचा, आणि त्यावर गावाचे नाव, जागा, दिशा, तारीख लिहून ठेवायची.

आता कॅमेरा आहे. अंधारात एका बाजूने तिरपा प्रकाश टाकायचा, दिव्याची जागा बदलत फोटो काढायचे, की सावलीमुळे अक्षर वर येते. यात दगडाला ओल लागत नाही, म्हणून नाजूक लेखांसाठी हाच मार्ग चांगला. तरी ठशाचे महत्त्व कमी झालेले नाही, कारण ठसा अक्षराच्या खऱ्या मापाचा असतो.

ठसा हातात आला म्हणजे वाचन झाले असे नाही. जुन्या लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत. अक्षरे एकापाठोपाठ एक चालत राहतात. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि तोडण्याची जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘च’ आणि ‘व’ यांचा घोळ होतो, ‘प’ आणि ‘य’ यांचा होतो. एकाराची मात्रा कित्येकदा अक्षराच्या डोक्यावर नसून आधी उभ्या दांड्यासारखी येते. ती काना समजली की शब्द भलतीकडे जातो. त्यातून दगडाला पडलेला टवका रेघेसारखा दिसतो आणि झिजलेली रेघ टवक्यासारखी. म्हणून अनुभवी माणूस एकाच अक्षराचे दुसरे रूप त्याच लेखात शोधतो. कोरणारा हात एकच असतो, आणि त्याच्या सवयी सापडतात.

आकड्यांची खातरजमा करायला आपल्या पूर्वजांनीच एक सोय करून ठेवली आहे. शकाबरोबर संवत्सराचे नाव द्यायचे. कुडलच्या लेखात शके ९४०सोबत काळयुक्त संवत्सर आहे. साठ संवत्सरांचे चक्र आहे, आणि काळयुक्त त्यात बावन्नावे. शके १९०० हे काळयुक्त होते, म्हणजे १९७८ सालच्या पाडव्याला सुरू झालेले वर्ष. १९००मधून ९४० वजा केले की ९६० उरतात. साठाचे बरोबर सोळा फेरे. आकडा आणि नाव एकमेकांना साक्ष देतात. अंक ९ आहे की दुसरा काही, अशी शंका घेणाऱ्याला हा पडताळा घरचे पंचांग घेऊनही करता येतो.

मराठीतला पहिला कोरीव लेख कोणता, हा वाद मात्र याने मिटत नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेली ओळ शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यात साल दिलेले नाही. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचे साल शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ असे वाचले, आणि त्या आकड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. या रांगेत पहिला नंबर कुणाचा यापेक्षा, शके ९४०ला भीमेकाठी कुणाला तरी मराठी वाक्य दगडावर हवे होते, ही गोष्ट मोठी वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या वयाचा प्रश्न निघतो, तेव्हा अशा तुळया पुढे येऊन साक्ष देतात.

जुन्या मंदिरांच्या बऱ्याच आख्यायिका अशा लेखांपुढे टिकत नाहीत. महाराष्ट्रात काळ्या दगडाचे मंदिर दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत बांधले असे सांगतात, नाहीतर हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा यादवांचा, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कुडलच्या लेखानंतर अडीचशे वर्षांनी झालेला. दुसरी गल्लत नावाची. बसवेश्वरांच्या वचनांतला कूडलसंगमदेव तो बागलकोट जिल्ह्यातला, कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरचा. कन्नडमध्ये कूडल म्हणजे नद्या मिळतात ती जागा, त्यामुळे दोन्ही ठिकाणी तेच नाव आले. कथा सांगणाऱ्यांच्या भक्तीत यामुळे उणेपणा येत नाही, पण दोन देवस्थाने एक करून टाकली तर दोघांचाही इतिहास हरवतो.

कुंभारांनी गावोगावच्या वेशी, पार, विहिरी धुंडाळल्या. धारवाडचे श्रीनिवास रित्ती आणि कुंभार यांनी मिळून सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा जो संग्रह केला, तो १९८८ साली निघाला. त्यातले लेख मोठ्या संख्येने कन्नड आहेत, आणि मराठी माणसाने ते तितक्याच आपलेपणाने वाचावेत असे आहेत. २०१९ साली कुंभार गेले.

काम संपलेले नाही. जीर्णोद्धार निघतो, फरशी बसते, आणि अक्षरे असलेला दगड पायरीला किंवा जोत्याला जातो. असा दगड दिसला तर त्यावर खडू, पीठ, रंग काही भरू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्यावा आणि तो पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाला दाखवावा. दगड मात्र जागचा हलवू नये. दानलेखात शेताच्या चतुःसीमा दिलेल्या असतात, पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमक्याचे शेत, आणि कोणते शेत कुठले हे ताडून पाहायला तो दगड उभा असलेली जागाच उपयोगी पडते.