बहुमार्गी ध्वनिफाईल : स्वरूप आणि जतन

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्यभारतात विलीन झाली. मात्र तेथील जुन्या मराठी घरांतून आपली भाषा माळवीच्या सहवासात आजही नांदत आहे. त्याच वर्षी देवासला वास्तव्यास आलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे केले, हे सर्वविदित आहे. ऐकलेले टिपून ठेवण्याचे मोल या भूमीस निराळे सांगावयास नको. आज वृद्धांची बोली व स्त्रियांची गीते टिपताना शिक्षकांच्या हाती बहुमार्गी ध्वनिमुद्रणाचे साधन आले आहे. त्याचे स्वरूप येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

चार व्यक्तींपुढे चार ध्वनिग्राहक ठेवले असता प्रत्येकाचा आवाज निराळ्या मार्गाने, म्हणजे चॅनेलने, येतो. परंतु फाईल एकच होते. हे कसे घडते? पंगतीतला वाढपी चार पानांवर क्रमाने एकेक पळी वाढतो आणि पुन्हा पहिल्या पानाकडे येतो. ‘वेव्ह’ या प्रकारच्या फाईलीतही पहिल्या मार्गाचा एक नमुना, मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, चौथ्याचा, अशीच मांडणी असते. पाने किती हे ठाऊक नसेल तर एकाचे अन्न दुसऱ्याच्या पानात जावयाचे. म्हणून फाईलीच्या आरंभी मार्गांची संख्या, दर सेकंदाचे नमुने व नमुन्याची लांबी नोंदलेली असते. उघडणारी प्रणाली प्रथम ही नोंद वाचते.

दर सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येकी ३ बाइट आणि मार्ग चार, असे धरल्यास एका सेकंदास ५,७६,००० बाइट लागतात. तासाला दोन अब्जांहून अधिक. सामान्य वेव्ह फाईलीची मर्यादा सुमारे ४.२९ अब्ज बाइट असल्याने ती दोन तासांनंतर लवकरच गाठली जाते. यास्तव दीर्घ मुलाखतीचे भाग पाडावेत.

अशी फाईल नेहमीच्या वादकप्रणालीत वाजविल्यास चारही आवाज बहुधा दोन कर्ण्यांत कालवले जातात. ‘ऑडॅसिटी’ या विनामूल्य प्रणालीत ती उघडावी. तेथे प्रत्येक मार्ग निराळ्या पट्टीवर दिसतो. एक पट्टी ऐकताना इतर मूक करता येतात. कोणती पट्टी कोणाची, हे मुद्रणाच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावे.

खरा धोका पुढेच आहे. जागा वाचविण्यासाठी फाईल प्रचलित ‘एमपी३’ रूपात बदलली की दोनच मार्ग उरतात. एकदा कालवलेले आवाज पूर्ववत् वेगळे करणे दुर्घट होय. जागाच वाचवावयाची तर ‘फ्लॅक’ हे रूप घ्यावे. त्यात आठ मार्गांपर्यंतचा ध्वनी जसाच्या तसा राहतो. मूळ फाईल मात्र दोन ठिकाणी जपावी. आजीचा शब्द आणि नातीने त्यावर विचारलेला प्रश्न हे दोन्ही स्वतंत्रपणे ऐकू आले, तरच उद्याच्या अभ्यासकास बोली कशी पालटली हे कळेल.