निष्ठा आणि इमान : 'अर्धसत्य'मधील पोलीस अधिकारी

कायद्याचा रक्षक आणि त्याची दुभंगलेली निष्ठा हा पाश्चात्त्य 'वेस्टर्न' चित्रपटांचा आवडता विषय होय. 'हाय नून' (१९५२) मधील मार्शल विल केन नवविवाहित आहे. हिंसेला विरोध करणाऱ्या पत्नीसह गाव सोडावे की सूड घ्यायला येणाऱ्या गुंडांना सामोरे जावे, हा त्याचा पेच. मराठीच्या अभ्यासकाला असाच, पण अधिक गुंतागुंतीचा पेच भेटतो तो गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' (१९८३) मध्ये. चित्रपट हिंदी असला तरी त्याचा पिंड मराठी आहे : मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातील कविता दिलीप चित्रे यांची.

येथे दोन शब्दांतील भेद लक्षात घ्यावा. 'निष्ठा' हा संस्कृत शब्द. ती तत्त्वावरही असू शकते. 'इमान' मूळचा अरबी. तेथे त्याचा अर्थ धर्मश्रद्धा. मराठीत मात्र तो मुख्यतः धन्याशी, व्यक्तीशी राखावयाच्या प्रामाणिकपणासाठी रुळला. 'खाल्ल्या मिठाला जागणे' हा वाक्प्रचार इमानाचा आहे, निष्ठेचा नव्हे. नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांना पोलीस पाटलाच्या उदाहरणावरून हे चटकन उमगेल. गावातील गुन्ह्याची वर्दी ठाण्याला देणे हे १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमानुसार त्याचे कर्तव्य. पण आरोपी भावकीतलाच निघाला तर? ('वर्दी' म्हणजे खबर आणि गणवेशही, हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटतो.)

उपनिरीक्षक अनंत वेलणकर (ओम पुरी) कायद्यावर निष्ठा ठेवू पाहतो. व्यवस्था त्याच्याकडून इमान मागते. निलंबनाची वेळ येते, तेव्हा त्याला कायदा नव्हे, मध्यस्थाच्या वरपर्यंतच्या ओळखी वाचवतात. उपकाराचे हे मीठ त्याला पचत नाही. पोलिसांत शिपाई असलेल्या बापाने त्याला बळजबरीने या खात्यात घातले आहे. आईला मारणाऱ्या त्या बापाचा तो तिरस्कार करतो. परंतु कोठडीत एका भुरट्या चोराला तो स्वतःच मरेपर्यंत मारतो, तेव्हा त्याचा हात बापाचाच असतो. चित्रपटाचे खरे मर्म मला या प्रसंगात दिसते, शेवटच्या सूडात नाही.

आता सुटकेचा मार्ग एकच उरतो : ज्याला पकडण्यासाठी तो झगडला, त्या रामा शेट्टीचे (सदाशिव अमरापूरकर) साहाय्य. शेट्टी मदतीस राजी आहे. त्याला हवे आहे ते केवळ इमान. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन स्वाधीन होतो. केन अखेरीस आपला बिल्ला धुळीत फेकून पत्नीसह निघून जाऊ शकतो. वेलणकरला जायला जागाच नाही. तो त्याच ठाण्यात परततो, आता आरोपी म्हणून.

स्वाध्याय : वेलणकरची शेवटची कृती निष्ठेची मानावी की निष्ठेच्या पराभवाची? चित्रपटातील दोन प्रसंगांच्या आधारे आपले मत मांडा.