दिवस सोळावा, नळी तिळाएवढी

सकाळी ८:०० प्राणिगृहातून निरोप आला, उंदरीण तयार आहे. तिच्या गर्भांचा आज सोळावा दिवस. नर गर्भात प्रोस्टेटच्या कळ्या सतराव्या दिवसाच्या सुमारास फुटतात. मला त्याआधीची ऊती हवी, म्हणून काम आजच व्हायला हवं. माणसाच्या गर्भात वृषणं आठव्या आठवड्याच्या आसपास टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात आणि दहाव्याच्या सुमारास कळ्या दिसतात.

९:३० डिसेक्शन. मूत्राशयाच्या खालची नळी, यूरोजेनायटल सायनस, जेमतेम तिळाएवढी. चिमटा किंचित जोरात लागला तरी अस्तर फाटतं. नराच्या नळ्या एका डिशमध्ये, मादीच्या दुसऱ्या. मादीच्या मी कधीच टाकत नाही. वेळेत अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखं पुरुषी हार्मोन, मिळालं तर त्यांनाही कळ्या फुटतात.

११:०० एक टक्का ट्रिप्सिनमध्ये, ४ अंश सेल्सिअसला दीड तास. मग सुईच्या टोकाने आतलं अस्तर आणि भोवतालचं मेसेनकाइम अलगद सुटं करायचं. ही पद्धत शास्त्रज्ञ जेराल्ड कुन्हांच्या प्रयोगांमुळे रुळली, आणि मला त्या प्रयोगांचं आजही अप्रूप आहे. अँड्रोजेनचा रिसेप्टर निकामी असलेल्या उंदराचं अस्तर त्यांनी निरोगी उंदराच्या मेसेनकाइमशी जोडलं, तर प्रोस्टेट वाढली. उलट जोडणी केली, तर नाही. कळ्या फुटतात अस्तराला, पण हार्मोनचा हुकूम आधी ऐकतं ते मेसेनकाइम. तिथून एफजीएफ-१० सारखे ग्रोथ फॅक्टर अस्तराकडे जातात. एफजीएफ-१०चं जनुकच नसलेल्या उंदरात कळ्या जवळजवळ फुटतच नाहीत. अस्तरही गप्प बसत नाही, ते सॉनिक हेजहॉग नावाचं संकेत-प्रथिन सोडून मेसेनकाइमला उत्तर देतं. बीएमपी-४ हे आणखी एक प्रथिन वाढीला लगाम घालतं.

दुपारी २:०० डबा, उभ्या-उभ्याच.

२:३० कल्चर. फिल्टरवर नळ्या मांडल्या, खाली मिडियम. निम्म्या डिशमध्ये डीएचटी, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनपासून ते बनवतं, आणि प्रोस्टेटला प्रामुख्याने तेच लागतं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या ज्या कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं, त्यांच्याबद्दल १९७४ साली लिहिलं गेलं: टेस्टोस्टेरॉन पुरेसं, तरी प्रोस्टेट लहानच.

५:०० आधी लावलेल्या डिश मायक्रोस्कोपखाली. डीएचटी असलेल्या नळीच्या कडेने भरीव, बोथट टोकाच्या कळ्या मेसेनकाइममध्ये शिरल्या आहेत. पोकळी अजून नाही, ती नंतर पडते. डीएचटी नसलेल्या डिशमध्ये कड सरळच.

विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, मादीच्या नळीला उशिरा डीएचटी दिलं तरी चालेल?"

"किती उशिरा, तेच बघायचंय. तूच लाव. रोज एक डिश, एकेक दिवस उशिरा."

तिने लेबलं लिहायला घेतली.

६:३० मिडियम बदललं. रविवारची पाळी माझी.