मंगनी झाली, धंदा बुडाला. वह्या दोन ठेवा

सांगलीत हळदीची उधारी अडकते, साताऱ्यात दुकानाचे हप्ते थकतात आणि नेमके तेव्हाच मुलाचे लग्न ठरलेले असते. होणाऱ्या सुनेचे शिलाईकाम चालू असते. "तिने सही केली तर बँक मुदत देईल," असा सल्ला मिळतो. व्यापारी बंधूंनो, येथेच थांबा.

निकाहापूर्वी एकाचे कर्ज दुसऱ्यावर येत नाही. निकाहानंतरही पत्नीची मिळकत तिचीच. पण जामीन म्हणून सही झाली की करार कायदा, १८७२ प्रमाणे जामीनदार कर्जदाराइतकाच बांधला जातो.

म्हणून दोघांच्या वह्या वेगळ्या ठेवाव्यात. आधी धान्य, भाडे, वीजबिल, औषध. मग घेणेकऱ्यांची यादी. हॉल आणि दागिने शेवटी.

हत्यारे मात्र विकू नयेत. मिरजेच्या सतारमेकराची असोत वा साताऱ्याच्या सुताराची, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली आहेत. देणे झेपतच नसेल, तर प्रांतिक नादारी कायदा, १९२० खाली जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

आणि कर्जाचा खरा आकडा मुलीच्या घरी निकाहाआधीच सांगावा. साध्या निकाहाने अब्रू जात नाही. लपवलेल्या कर्जाने जाते.