घरासाठी दूरचित्रवाणी संच : निवड कशी करावी?

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम म्हणजेच रामकृष्णपुरम ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून ओळखली जाते. अशा वसाहतीतील एका क्वार्टरमध्ये मूळचे साताऱ्याचे एक कुटुंब राहते, अशी कल्पना करू. जुना टीव्ही बंद पडला आहे आणि नव्यासाठी वर्षभर थोडेथोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. दुकानात विक्रेता दोन संच शेजारी शेजारी लावून दाखवतो. एक एल.ई.डी. आणि दुसरा ओ.एल.ई.डी. नावांत फरक एका अक्षराचा, पण किमतीत फरक मोठा. अधिक पैसे मोजल्याने अधिक समाधान मिळेल का, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. पुढची सात-आठ वर्षे रोज वापरायची वस्तू केवळ चकचकीत चित्र पाहून घेणे शहाणपणाचे नाही. त्यासाठी दोन्ही संचांचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे.

थोडा इतिहास

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीतूनच सुरू झाले. मुंबई केंद्र 1972 मध्ये सुरू झाले आणि 1982 मध्ये रंगीत चित्रे दिसू लागली. त्या काळी निवड होती ती कृष्णधवल आणि रंगीत संचांमधली. दोन्हींत काचेची जड चित्रनलिका असे. पुढे सपाट पडदे आले आणि चित्रनलिका मागे पडली. सपाट पडद्यांपैकी प्लाझ्मा हा प्रकारही बाजारातून गेला. आज मुख्य निवड उरली आहे ती वर सांगितलेल्या दोन प्रकारांत.

दोन्ही पडद्यांचे कार्य

‘एल.ई.डी. टीव्ही’ या नावाने विकला जाणारा घरगुती संच हा प्रत्यक्षात एल.सी.डी. म्हणजे द्रवस्फटिकाचा पडदा असतो. 1888 मध्ये फ्रीडरिख रायनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोन वेगवेगळ्या तापमानांना वितळताना दिसला. तेथून द्रवस्फटिकांचा अभ्यास सुरू झाला. हा पदार्थ स्वतः प्रकाश देत नाही. पडद्यामागे एल.ई.डी. दिवे सतत जळत असतात आणि द्रवस्फटिकाचे सूक्ष्म बिंदू खिडकीच्या झडपांप्रमाणे तो प्रकाश कमी-अधिक सोडतात. झडप पूर्ण मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. म्हणून रात्रीच्या दृश्यातील काळा रंग किंचित राखाडी दिसतो.

ओ.एल.ई.डी. पडद्याची रीत निराळी आहे. वीज वाहताच प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर त्यात असतात. 1987 मध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हान स्लाइक या कोडॅक कंपनीतील संशोधकांनी असा उपयुक्त दिवा प्रसिद्धीस आणला. या पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. विझलेला बिंदू पूर्ण काळा असल्याने चित्राला खोली येते. बाजूला बसून पाहिले तरी रंग फारसे फिके पडत नाहीत.

खोली आणि वापर

असे असले तरी ओ.एल.ई.डी. प्रत्येक घराला योग्य ठरतोच असे नाही. पहिला विचार उजेडाचा करावा. दिवसा खिडकीतून ऊन येणाऱ्या खोलीत पूर्ण काळ्या रंगाचा लाभ जाणवत नाही. तेथे उजळ पार्श्वप्रकाशाचा एल.ई.डी. संच सोयीचा ठरतो. रात्री दिवे मंद करून चित्रपट पाहणाऱ्याला मात्र ओ.एल.ई.डी.चा खरा आनंद मिळतो.

दुसरा विचार कार्यक्रमांचा. वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन् तास एकाच जागी राहतात. अशा स्थिर चित्रामुळे ओ.एल.ई.डी.चे तेथील बिंदू लवकर झिजून पडद्यावर पुसट डाग कायमचा राहू शकतो. दिवसभर बातम्या चालू असणाऱ्या घराने हे ध्यानात घ्यावे.

तिसरा विचार अंतराचा. पडद्याचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे घेतात. साधारणपणे या मापाच्या दीड ते अडीच पट अंतरावर बसावे. आठ फूट म्हणजे 96 इंच अंतरासाठी 43 इंचांचा पडदा पुरेसा होतो. ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे 83 लाख बिंदू असतात. परंतु साध्या वाहिनीच्या चित्रात केवळ 576 रेषा असतात. मूळ चित्रात नसलेला तपशील महागडा पडदाही निर्माण करू शकत नाही.

विजेचा हिशेब

संचाची किंमत एकदाच द्यावी लागते, पण विजेचे बिल नेहमीच येत राहते. या बाबतीत ग्राहकाला मदत करणारी संस्था आर. के. पुरममध्येच, सेवा भवनात आहे. ऊर्जा संवर्धन अधिनियम, 2001 अन्वये 1 मार्च 2002 रोजी ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. घरगुती उपकरणांवर दिसणारी ताऱ्यांची पट्टी 2006 पासून याच संस्थेने सुरू केली. जितके तारे अधिक, तितकी विजेची बचत अधिक. मात्र ही तुलना सारख्या मापाच्या संचांत करावी. पाच तारे असलेला मोठा संच कमी तारे असलेल्या लहान संचापेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. म्हणून ताऱ्यांबरोबर वर्षाला किती युनिट लागतात, हा आकडाही वाचावा.

समजा, एक संच 80 वॅटचा आणि दुसरा 120 वॅटचा आहे. फरक 40 वॅटचा. रोज पाच तास वापर धरल्यास वर्षाला 73 युनिट जास्त लागतात. सात रुपये दराने वर्षाला 511 रुपये आणि आठ वर्षांत 4,088 रुपये होतात. आता सेट-टॉप बॉक्सकडे पाहू. टीव्ही बंद असतानाही तो 10 वॅट वीज घेत असेल, तर उरलेल्या 19 तासांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे 69 युनिट वाया जातात. म्हणजे काटकसरी संच घेऊन केलेली बचत भिंतीवरचे बटण बंद न केल्याने जवळजवळ सगळी निघून जाते.

खरेदी करताना

दुकानात संच बहुधा अतिशय प्रखर उजेडावर लावलेले असतात. विक्रेत्यास घरगुती वापराची मांडणी लावून दाखवण्यास सांगावे. पडदा फुटल्यास तो बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ जाऊ शकतो. म्हणून हमी किती वर्षांची आहे आणि तीत पडदा धरला आहे का, हे लेखी घ्यावे. पक्के बिल जपून ठेवावे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार वस्तूची खरी माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तक्रार असल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचे साहाय्य घेता येते. जुना चित्रनलिकेचा संच कचऱ्यात टाकू नये, कारण त्याच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

निर्णय

आता पुन्हा त्या कुटुंबाकडे वळू. त्यांची खोली लहान आणि उजेडाची आहे. आजी दुपारी मराठी मालिका पाहतात, वडील संध्याकाळी बातम्या लावतात आणि मुले सुट्टीत क्रिकेट पाहतात. या घराला आठ फुटांवरून दिसणारा, कमी युनिट घेणारा 43 इंची एल.ई.डी. संच पुरेसा आहे. उरलेले पैसे मुलांच्या शिक्षणासाठी उपयोगी पडतील. रात्री चित्रपट पाहण्याची मनापासून आवड असणाऱ्या आणि खर्च झेपणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाने ओ.एल.ई.डी. घेतला, तर त्याचाही निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. सर्वांत महाग संच हा सर्वांत चांगला संच असतोच असे नाही. आपली खोली, आपला वापर आणि आपले उत्पन्न यांना साजेसा संच तोच चांगला.